निसर्ग, तौक्ते आणि वादळातलं गणित: वारा, पाऊस आणि समुद्र एकत्र कसे मोजायचे?

वाडीवाला

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा, आणि झोत त्याहूनही जोराचे. आजोबांनी लावलेली रोठा सुपारीची वाडी त्या दोन तासांत आडवी झाली. मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो. रस्ते मोकळे झाल्यावर गावी पोचलो तेव्हा धाकट्या भावाने वाडीत उभं करून एकच प्रश्न विचारला: "दादा, ही झाडं वाऱ्याने गेली की पावसाने?"

त्याच्या प्रश्नात तथ्य होतं. सुपाऱ्या बहुतेक मधून मोडल्या होत्या. नारळ मात्र मुळासकट उपटले होते. मोडणं हे वाऱ्याचं काम. पण उपटायला आधी जमीन भिजून सैल व्हावी लागते आणि मग वारा यावा लागतो. म्हणजे "वारा किती" आणि "पाऊस किती" हे वेगवेगळे सांगून भागत नाही. दोन्ही एकाच वेळी किती होते, आणि कोण आधी आलं, हे कळलं पाहिजे. पुढच्या लागवडीत नारळ कुठे, सुपारी कुठे, आडोशाला काय लावायचं, हे सगळं त्यावर ठरणार होतं.

तेव्हापासून या विषयाच्या मागे आहे. आतापर्यंत जे हाती लागलं ते इथे मांडतो. हवामानातले आणि समुद्रावरचे जाणकार इथे आहेत, त्यांनी चुका दाखवाव्यात.

पहिला धडा तारखेचा. मी आधी रोजचा पाऊस आणि रोजचा सर्वात जोराचा झोत यांच्या जोड्या लावल्या आणि सहसंबंध काढला, म्हणजे दोन्ही आकडे किती बरोबरीने चढतात-उतरतात ते मोजलं. मोठ्या वादळांच्या दिवशी तो जवळपास नाहीसाच झाला. दोन आठवडे डोकं खाजवल्यावर उलगडा झाला: पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या सकाळच्या तारखेला लिहितात. ३ जूनच्या दुपारी पडलेला पाऊस ४ जूनच्या खात्यावर. वाऱ्याचा झोत मात्र ३ जूनच्या. मी एका दिवसाचा वारा दुसऱ्या दिवसाच्या पावसाशी जोडत होतो. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी आधी घड्याळं जुळवावीत, मॉडेल नंतर.

दुसरा धडा जास्त खोल आहे. वर्षभराचे सगळे दिवस घेऊन काढलेला सहसंबंध वादळाबद्दल फारसं काही सांगत नाही. कोकणात जुलैत संततधार असते तेव्हा वारा असतोच असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा खारा वारा जोरात असतो, पाऊस शून्य. असे हजारो दिवस मिळून एक आकडा बनतो आणि त्यात वादळाचे दोन-चार दिवस बुडून जातात. आपल्याला हवं आहे ते टोकाचं नातं: वारा त्याच्या शंभरात एक अशा पातळीला गेला असेल, तर पाऊसही त्याच्या तशाच पातळीला असण्याची शक्यता किती?

इथे कोप्युला कामाला येतो. नाव लॅटिन, अर्थ जोड किंवा बंध. १९५९ मध्ये एब स्क्लार यांनी सिद्ध केलं की कुठलंही संयुक्त वितरण (बदलत्या राशी एकत्र कशा वागतात याचा पूर्ण हिशेब) दोन भागांत सोडवता येतं: प्रत्येक चलाचं, म्हणजे बदलत्या राशीचं, स्वतःचं वागणं, आणि त्यांना बांधणारी गाठ. ही गाठ पाहायची तर प्रत्यक्ष मिलिमीटर आणि किलोमीटर विसरायचे, फक्त क्रमांक ठेवायचा. आजचा वारा सगळ्या नोंदींत वरून कितवा, आजचा पाऊस वरून कितवा. या क्रमांकांच्या जोड्या कागदावर मांडल्या की वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपक्यांची गर्दी होते की तो कोपरा विरळ राहतो, हे डोळ्यांनीच दिसतं.

आता गाठ कुठली निवडली याने काय फरक पडतो ते पाहा. वारा आणि पाऊस दोन्ही आपापल्या शंभरात एक पातळीच्या वर जाण्याची शक्यता काढू. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरलं तर शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारांत एकदा. आता दोघांत मध्यम संबंध आहे, केंडॉलचा टाऊ (क्रमांकांवरून संबंध मोजणारा आकडा; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५, असं धरू. गाठींचे दोन प्रसिद्ध प्रकार घेऊ, गाऊसची आणि गुंबेलची. गाऊसची गाठ घेतली तर उत्तर साधारण ३७० मध्ये एकदा. गुंबेलची घेतली तर साधारण १७० मध्ये एकदा. टाऊ दोन्हीकडे तोच! आणि पातळी जसजशी वर न्यावी तसतसं गाऊसच्या गाठीत दोघं एकमेकांना सोडत जातात. वारा टोकाला असताना पाऊसही टोकाला असण्याची शक्यता शून्याकडे सरकते. गुंबेलच्या गाठीत ती ०.५९ च्या आसपास टिकून राहते.

एका बंधाऱ्याच्या अहवालात मी स्वतः वाचलंय: लाटेची शक्यता वेगळी, पाण्याच्या पातळीची वेगळी, आणि शेवटी दोन्हींचा सरळ गुणाकार. त्या बंधाऱ्याच्या मागे माणसं राहतात. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

इथे थांबतो. बाकी चर्चेत.

स्नेहल_क

खूप आवडला धागा. मी संख्याशास्त्रातली नाही, तरी गुणाकाराचा मुद्दा अगदी पटला. एक शंका: वारा आणि पाऊस दोन्ही एकाच वादळाची लेकरं आहेत ना? मग वादळात ती बरोबर येणारच. नातं निघणारच. यात मोजायचं काय राहतं?

वाडीवाला

स्नेहलताई, मलाही तसंच वाटायचं. पण २०२० आणि २०२१ शेजारी ठेवून पाहा. निसर्ग मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येकडे गेलं. मुंबईत जेवढी भीती होती तेवढा पाऊसही झाला नाही आणि समुद्रही चढला नाही. तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईच्या पश्चिमेकडून, भर समुद्रातून उत्तरेला गुजरातकडे गेलं. मुंबईला त्याचा डोळा शिवलाही नाही. तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आणि १८ मेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला २३०.३ तर कुलाब्याला २०७.६ मिलिमीटर पाऊस. मे महिन्यात! वादळ किती जवळून गेलं यापेक्षा तुम्ही त्याच्या कुठल्या हाताला उभे होता हे महत्त्वाचं ठरलं.

मेघदूत_निवृत्त

मी वेधशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. वाडीवाला म्हणतात तो हाताचा मुद्दा थोडा उलगडतो.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या हाताला वजाबाकी. म्हणून जोराचा वारा उजवीकडे. निसर्ग ईशान्येला जात होतं, त्यामुळे उजवीकडे आले हरिहरेश्वर, बाणकोट, दापोली. तिथे वारा समुद्राकडून जमिनीकडे, पाणी किनाऱ्यावर लोटणारा. डावीकडे मुंबई, तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे. पाणी आत येणार कसं?

पावसाचं शास्त्र मात्र वेगळं आहे. वरच्या आणि खालच्या थरातले वारे वेगवेगळ्या दिशेने आणि वेगाने वाहत असतील, म्हणजे ज्याला विंड शिअर म्हणतात तो जोरात असेल, तर वादळाचा पाऊस सगळीकडे सारखा राहत नाही. शिअर ज्या दिशेला ओढतो तिकडे तोंड केलं तर समोर आणि डाव्या हाताला पावसाचा जोर असतो. म्हणजे वाऱ्याचं टोक एका कोपऱ्यात, पावसाचं दुसऱ्या. एका गावात दोन्ही कळस एकत्र येतील, शेजारच्या तालुक्यात एकच येईल. ताई, वादळ एकच असलं तरी प्रत्येक गावाच्या वाट्याला ते वेगळं येतं.

आणि एक सूचना, फार कळकळीने करतो. यंत्रांवर आंधळा विश्वास ठेवू नका. पर्जन्यमापक सोसाट्याच्या वाऱ्यात कमी पाऊस पकडतो, कारण थेंब आडवे जातात आणि मापकाच्या तोंडावरून निसटतात. वारा जितका जास्त तितकी ही तूट जास्त. म्हणजे ज्या तासात दोन्ही खरोखर टोकाला होते, नेमक्या त्याच तासात तुमच्या कागदावर पाऊस कमी दिसेल.

संख्यावेडा

काका, हा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्याला जोडून: वारा मोजायचा खांबच पडला किंवा वीज गेली तर नोंद तुटते. बरेच जण अशा ओळी रिकाम्या म्हणून गाळतात. पण त्या योगायोगाने रिकाम्या झालेल्या नाहीत, वारा जास्त होता म्हणूनच रिकाम्या आहेत. गाळल्या की नात्याचं टोकच कापलं जातं. अशा ठिकाणी "शेवटचा वाचलेला आकडा, किंवा त्याहून जास्त" असं लिहावं. आयुर्विम्यात हयात माणसांची नोंद जशी हाताळतात, तीच पद्धत इथे लागू पडते. गणित तयार आहे, फक्त ओळ गाळायचा मोह टाळायला हवा.

दुसरं, समुद्रावरच्या वादळांची जी अधिकृत मार्गनोंद मिळते, तिच्यातल्या वारा आणि दाब यांचा सहसंबंध काढून कोणी खूश होऊ नये. भर समुद्रात मोजायला यंत्र नसतं. उपग्रहाच्या चित्रावरून, ड्वोराक पद्धतीने, तीव्रतेचा अंदाज बांधतात आणि वारा व दाब बहुतेक वेळा एकाच पट्टीवरून निघतात. आपल्याकडे मिश्रा आणि गुप्ता यांचं १९७६ चं सूत्र वापरात आहे: बाहेरचा दाब वजा केंद्राचा दाब, त्याचं वर्गमूळ, गुणिले १४.२, उत्तर नॉटमध्ये. निसर्गचा केंद्रदाब ९८४ हेक्टापास्कल होता. बाहेरचा १००४ धरला तर फरक २०, वर्गमूळ ४.४७, वारा साधारण ६३ नॉट म्हणजे ताशी ११७-११८ किलोमीटर. जाहीर आकड्याच्या जवळच आलं. पण हे निसर्गाचं नातं सापडलं की सूत्रच आपल्याला परत मिळालं, हा प्रश्न स्वतःला विचारा.

नीरजा_डेल्फ्ट

मी नेदरलँड्समध्ये पाण्याच्याच कामात आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इथल्या लोकांना गुणाकाराची ही चूक किती महाग पडते ते ठाऊक आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली. बांध फुटले आणि या देशात १,८३६ माणसं गेली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७. त्यानंतर नेमलेल्या डेल्टा समितीसाठी डेव्हिड व्हान डांत्सिख या गणितज्ञाने हिशेब केला: बांध किती उंच बांधला तर बांधकामाचा खर्च आणि पुराचं संभाव्य नुकसान यांची बेरीज सर्वात कमी होईल. मुख्य प्रदेशासाठी दहा हजार वर्षांत एकदा ही पातळी त्यातूनच आली. तेव्हा हाती नोंदी होत्या जेमतेम काही दशकांच्या. म्हणून टोकाच्या मूल्यांचं शास्त्र इथे इतकं वाढलं.

वाडीवाला, तुमच्या कामासाठी एक वाट सुचवते. तीन-चार चलं असतील तर एकच गाठ सगळ्यांना बसत नाही. हेफर्नन आणि टॉन यांनी २००४ मध्ये जी पद्धत मांडली ती पाहा. तिच्यात आधी एक चल टोकाला गेलं असं धरायचं, समजा वारा, आणि मग विचारायचं की अशा वेळी पाऊस, लाटा, पाण्याची पातळी काय करतात. टोकाला गेल्यावरही चलं एकमेकांना धरून राहतात की हळूहळू सोडतात, हे आधीच ठरवून टाकावं लागत नाही. ते नोंदींनाच ठरवू द्यायचं. गुंबेल की गाऊस हा वादच तिथे मागे पडतो.

दर्यासारंग_हर्णै

मी मासेमारीतला. गणित फारसं कळत नाही, पण भरती कळते. तुम्ही सगळे वारा-पावसावर बोलताय, भरतीचं कोणीच काढलं नाही.

आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. निसर्ग आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. बारस सरून तेरस लागली होती. बारा पाऊणे नऊ, तेरा पाऊणे पावणेदहा. म्हणजे पूर्ण भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला. वादळ चढलं साडेबारानंतर, तेव्हा ओहोटी लागलेली. वर भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस नव्हते, उधाण जवळ आलेलं. वादळ तीन तास आधी आलं असतं तर पाणी कुठवर आलं असतं याचा विचार करून अजून अंगावर काटा येतो.

वाडीवाला

दर्यासारंगदादा, तुम्ही जे लिहिलंत ते इंजिनिअर लोकांच्या पद्धतीचं सार आहे. पाण्याची एकूण पातळी म्हणजे भरती अधिक वादळाची फुगी. भरतीची वेळ पंचांगातून कळते, फुगीची नाही. वादळाला तिथी ठाऊक नसते. म्हणून ठरावीक ताकदीचं वादळ दिवसाच्या कुठल्याही तासाला, कुठल्याही तिथीला येऊ शकतं असं धरून प्रत्येक शक्यतेचं वजन घ्यावं लागतं. घडलेल्या वादळांत पाणी किती चढलं एवढंच पाहिलं तर निसर्गसारखं ओहोटीला आलेलं वादळ "समुद्राचा धोका कमी" असं खोटं सांगून जातं.

फुगीचंही थोडं सांगतो. दाब एक हेक्टापास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. निसर्गच्या २० हेक्टापास्कल फरकाला पाऊण-एक वीत. बाकी सगळं वाऱ्याचं काम. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी ६० चा १२० झाला तर रेटा चौपट. आणि किनारा उथळ असेल तर तोच वारा पाणी जास्त चढवतो.

पाऊस आणि भरती एकत्र येणं काय असतं ते मुंबईने २६ जुलै २००५ ला पाहिलं. चक्रीवादळ नव्हतं, पण सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती. नाल्यांची तोंडं समुद्राने बंद केली. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एका शहरातली दोन मापकं!

चिकित्सक

सगळं मान्य. पण मूळ अडचण अशी की महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलेली वादळं आहेतच किती? २००९ च्या नोव्हेंबरात फयान, २०२० ला निसर्ग. बोटांवर मोजण्याइतकी. एवढ्या नोंदींवर टोकाचं नातं ठरवणं धाडसाचं नाही का? तासातासाची आकडेवारी हजारो ओळींची दिसते, पण ती सगळी दोन-चार वादळांचीच.

आणि जुन्या याद्यांतून वादळं उचलताना जपा. १८८२ च्या "मुंबईच्या महावादळा"त लाखभर माणसं गेली असं बऱ्याच याद्यांत छापलेलं आहे. तपासायला गेलेल्या अभ्यासकांना त्या काळच्या नोंदींत तसं काहीच सापडलं नाही. हे वादळ झालंच नव्हतं. असा एक खोटा ठिपका टोकाला बसला तर सगळं मॉडेल त्याच्याकडे झुकेल.

वाडीवाला

अगदी बरोबर. हजार ओळी म्हणजे हजार साक्षी नव्हेत. एक वादळ, एक साक्ष. मी आता प्रत्येक वादळाचा एकच संच घेतो: सर्वात जोराचा वारा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा पाऊस, पाण्याची पातळी, आणि गाव वाटेच्या उजवीकडे की डावीकडे. भावाच्या प्रश्नातून निघालेलं "आधी" आणि "नंतर" इथे वेगळं राहतं.

नोंदी कमी म्हणून दोन गोष्टी करतो. एक, एकट्या श्रीवर्धनचा विचार न करता अरबी समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरची सगळी ठिकाणं एकत्र घेऊन नातं काढायचं, फक्त प्रत्येक ठिकाणाची स्वतःची पट्टी वेगळी ठेवायची. दोन, खऱ्या वादळांच्या चालीवरून संगणकात हजारो कल्पित वाटा तयार करायच्या. पण त्यात भौतिकशास्त्र चुकलं तर चूकही हजारपट होते, म्हणून एकट्या दुसऱ्या वाटेवर विसंबत नाही. ईआरए५ सारखा पुनर्विश्लेषित डेटा, म्हणजे जुन्या नोंदी हवामानाच्या मॉडेलमध्ये घालून तयार केलेला, सलग मिळतो, पण त्याची एक चौकट साधारण ३१ किलोमीटरची. वादळाच्या डोळ्याभोवतीचा तिखट वारा त्यात बोथट होतो. क्रमांकासाठी तो बरा, ताशी किलोमीटरसाठी नाही.

मेघदूत_निवृत्त

सहसंबंधाच्या मोहाबद्दल आमच्या खात्यातलंच एक जुनं उदाहरण द्यावंसं वाटतं. सर गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ हवामान खात्याचे प्रमुख होते. पावसाचा अंदाज करण्यासाठी त्यांनी जगभरच्या नोंदींचे सहसंबंध ढिगांनी काढले, त्यातूनच दक्षिणी आंदोलन, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, सापडलं. पण त्यांनीच बजावून ठेवलं होतं की शंभर आकडे काढले तर त्यातला सर्वात मोठा नुसत्या योगायोगानेही मोठाच दिसणार. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर चाळीस प्रकारच्या गाठी बसवून "सर्वात चांगली" निवडता येते. तिथे वॉकरसाहेबांची आठवण ठेवा.

स्नेहल_क

मेघदूतकाका, "उजवीकडे की डावीकडे" हे नोंदवहीत नसेल तर कळणार कसं? वादळाची वाट नकाशावर जाड रेघेसारखी असते, आणि आमचं माणगाव तिच्या अगदी लागून.

मेघदूत_निवृत्त

वारा कसा फिरला ते आठवतं का कोणाला घरी? वादळ जाताना वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरला, म्हणजे आग्नेय, मग दक्षिण, मग नैऋत्य, तर तुम्ही उजवीकडे. उलट फिरला, पूर्व, ईशान्य, उत्तर, तर डावीकडे. मधेच एकदम शांत होऊन मग विरुद्ध बाजूने सुटला तर डोळा तुमच्या डोक्यावरून गेला. खलाशांचं हे ज्ञान फार जुनं आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला, हा नियम तर नीरजाताईंच्या देशातल्या बाइस बॅलटने १८५७ मध्येच सांगितला होता.

वाडीवाला

काका, हे मला सुचलंच नव्हतं! यंत्र पडलं, वीज गेली, तरी कुठल्या बाजूची कौलं आधी उडाली हे प्रत्येक घराला आठवतं.

तर मंडळी, विनंती करतो. रायगड आणि रत्नागिरीतले जे कोणी ३ जूनला गावात होते, किंवा ज्यांच्या घरचे होते, त्यांनी तीन गोष्टी लिहा: गाव, वारा आधी कुठून आणि नंतर कुठून, आणि मोठा पाऊस वाऱ्याच्या आधी आला की नंतर. वेळ नक्की आठवत नसेल तर जेवणाआधी, जेवणानंतर एवढं चालेल. घरी पर्जन्यमापक असेल आणि वही ठेवली असेल तर उत्तमच.

दर्यासारंग_हर्णै

हर्णै. सकाळी आग्नेयेचा, दुपारी दक्षिणेचा, तीनच्या पुढे नैऋत्येचा. पाऊस आदल्या रात्रीपासून धरून होता, मोठी सर वाऱ्याच्या आधी. होड्या आदल्या दिवशीच ओढून बांधल्या होत्या, तोंडं दक्षिणेला करून.

स्नेहल_क

माणगाव. आईला आत्ताच फोन केला. आधी पूर्वेचा, मागच्या पडवीचे पत्रे त्यानेच गेले. मग जरा वेळ थांबला, लोक बाहेर आले होते. नंतर समोरून, पश्चिमेकडून आला. पावसाचं ती म्हणते दोन्ही वेळा, पण अंगणातला फणस दुसऱ्या वाऱ्याला पडला.